डिजिटल ॲम्प मॉडेलिंग: गिटारवाले नेमके कशावरून भांडतात?

आधी दोन शब्द नवख्यांसाठी: ट्यूब ॲम्प म्हणजे काचेच्या व्हॅक्यूम ट्यूबांवर चालणारा जुन्या पद्धतीचा गिटार ॲम्प्लिफायर, आणि मॉडेलर म्हणजे अशा ॲम्पच्या आवाजाची डिजिटल नक्कल करणारं यंत्र. प्रश्न थोडक्यात असा: ‘ओळखीच्या दोन अनुभवी गिटारवादकांना विचारलं. एक म्हणतो, मॉडेलर कितीही महागाचा घ्या, आवाज प्लास्टिकचाच. दुसऱ्यानं ट्यूब ॲम्प विकून मॉडेलर घेतला आणि तो खूश आहे. डिजिटल मॉडेलिंगचा आवाज खरंच ट्यूबच्या तोडीचा झालाय का? झाला असेल तर मतं इतकी टोकाची का? आणि मी काय घेऊ?’

तोडीचा झालाय. निदान ॲम्पच्या सर्किटपुरतं बोलायचं, तर चांगल्या मॉडेलरमध्ये आता फारसं उणं राहिलेलं नाही. तरी तुमचा पहिला गिटारवादक खोटं बोलत नाहीये. त्याला जे खटकतं ते खरोखर कानावर पडतं. फक्त त्याचं कारण तो समजतो तिथं नसतं. मी गिटार वाजवतो आणि त्याहून जास्त वेळ मिक्सरमागे उभा असतो, त्यामुळे हा वाद दोन्ही बाजूंनी ऐकत आलोय. दहातल्या आठ वेळा तो ॲम्पच्या पुढच्या टप्प्यांवर असतो: स्पीकर, माइक, खोली आणि आवाजाची पातळी. नाव मात्र ‘डिजिटल’चं खराब होतं.

स्पीकरपासून सुरुवात करू. ट्यूब ॲम्पवर वाढलेला माणूस स्वतःचा आवाज कसा ऐकतो? ॲम्प जमिनीवर, तो दोन-तीन पावलांवर उभा, कान स्पीकरच्या बरेच वर. बारा इंची गिटार स्पीकर वरच्या फ्रिक्वेन्सी अरुंद पट्ट्यात सरळ समोर फेकतो. तो तिखट भाग वादकाच्या पोटऱ्यांवर आपटतो. कानापर्यंत येतो तो भिंतींवरून फिरून आलेला, कडा झिजलेला, भरीव आवाज, आणि सोबत पॅंट हलवणारी हवा. पहिल्या रांगेतल्या श्रोत्याला त्याच वेळी कान किटवणारा आवाज ऐकू येत असतो, हे तो सहसा जाणत नाही. आम्ही मिक्सरवाले जाणतो.

मॉडेलर हा खोलीतला आवाज देतच नाही. तो देतो कॅबिनेटच्या, म्हणजे स्पीकरच्या लाकडी पेटीच्या, जाळीपासून दोन-चार सेंटिमीटरवर ठेवलेल्या माइकला जे ऐकू जातं ते. आत ॲम्पचं मॉडेल असतं आणि त्यापुढे इम्पल्स रिस्पॉन्स, म्हणजे अमुक कॅबिनेट, अमुक स्पीकर, अमुक जागी ठेवलेला अमुक माइक या सगळ्या साखळीचा मोजून घेतलेला ठसा. बहुतेक वेळा स्पीकर सेलेस्टियनचा ग्रीनबॅक किंवा व्हिंटेज ३०, आणि माइक शुअर एसएम५७. आयुष्यभर जे रॉक अल्बम आपण ऐकले, त्यांतला गिटारचा आवाज याच प्रकारचा आहे. तबला बैठकीत समोर बसून ऐकणं आणि माइकमधून ऐकणं यात जो फरक, तोच इथे. दोन्ही तबलेच असतात. पण वादकाला मांडीजवळचा आवाज हवा असतो आणि त्याच्या हातात दिला जातो माइकमधला. मग तो म्हणतो, ‘यात जीव नाही.’

याचा सगळ्यात चांगला पुरावा डिजिटलच्या बाहेरच सापडतो. घरी शांतपणे वाजवता यावं म्हणून हल्ली बरेच जण खरा ट्यूब ॲम्प लोड बॉक्सला, म्हणजे स्पीकरऐवजी ॲम्पची शक्ती शोषून घेणाऱ्या पेटीला, जोडतात. टू नोट्सच्या पेट्या आहेत, युनिव्हर्सल ऑडिओचा ऑक्स २०१८ पासून आहे. ॲम्प पूर्ण खरा, ट्यूबा तापलेल्या, फक्त स्पीकरच्या जागी लोड आणि पुढे इम्पल्स रिस्पॉन्स. हे लोक हेडफोन लावतात आणि तक्रार करतात ती शब्दशः तीच: आवाज पातळ, वरून चरचर, हाताखाली काही जाणवत नाही. ट्यूबा तिथेच आहेत. गेला तो स्पीकर आणि गेली ती खोली.

उलट प्रयोगही करता येतो, आणि माझ्या मते प्रामाणिक तुलना तीच. मॉडेलरमधलं कॅबिनेट बंद करा, सिग्नल साध्या सॉलिड-स्टेट (ट्रान्झिस्टरवर चालणाऱ्या) पॉवर ॲम्पमधून खऱ्या गिटार कॅबिनेटला द्या आणि शेजारी ट्यूब ॲम्प त्याच कॅबिनेटला लावून पाळीपाळीनं वाजवा. दोन्हींचा आवाज डेसिबल मीटरवर सारखा करून घ्या, मोबाइलवरचा चालेल. ही पायरी गाळू नका, कारण जरासा मोठा असलेला आवाज कानाला नेहमी ‘जास्त चांगला’ वाटतो. एवढं केल्यावर वादाचा सूर बदलतो. ‘प्लास्टिक’ वगैरे शब्द मागे पडतात आणि ‘याचा मिड (मधल्या फ्रिक्वेन्सी) जरा पुढे आहे’ अशी कामाची भाषा सुरू होते.

फेंडरनं २०१९मध्ये हीच गोष्ट विकायला काढली. टोन मास्टर मालिकेतल्या ट्विन रिव्हर्ब आणि डीलक्स रिव्हर्बमध्ये सर्किट डिजिटल, पण लाकडी पेटी आणि स्पीकर नेहमीच्या ॲम्पसारखे. ट्यूबवाला ट्विन साधारण २९ किलोचा, टोन मास्टर १५ किलोचा. मूळ ट्विन ८५ वॉटचा, पण टोन मास्टरमध्ये २०० वॉटचा पॉवर ॲम्प बसवला आहे, म्हणजे मोठ्या आवाजातही डिजिटल भाग स्वतःहून फाटत नाही. मॉडेलरच्या नावानं बोटं मोडणाऱ्यांनाही मी हा ॲम्प मजेत वाजवताना पाहिलंय. कारण आवाज त्यांना सवयीच्या जागेवरून, सवयीच्या स्पीकरमधून येतो.

आता आवाजाच्या पातळीकडे. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३मध्ये दाखवून दिलं की आपला कान हळू आवाजात खालच्या आणि अगदी वरच्या फ्रिक्वेन्सींना कमी दाद देतो. मॉडेलर बहुतेक लोक रात्री, घरात, हळू आवाजात सेट करतात. त्या पातळीवर बेस कमी वाटतो म्हणून तो चढवतात, ट्रेबल चढवतात, मिड कापतात. ऐकायला झकास. तोच पॅच, म्हणजे साठवलेली मांडणी, शनिवारी स्टेजवर गेला की बेस बेसगिटारशी भांडतो, ट्रेबल झांजांवर चढतो आणि गिटार मात्र कुठेच सापडत नाही. वादक माझ्याकडे बघून ‘मला वाढव’ अशी खूण करतो. मी वाढवतो, आणखी घाण होते. ट्यूब ॲम्पवाल्यावर ही वेळ कमी येते, कारण त्याला नाइलाजानं स्टेजच्याच पातळीवर नॉब फिरवावे लागतात. पॅच एकदा तरी ड्रमरसोबत, तालमीच्या खोलीत, पूर्ण आवाजात बसवा. मॉडेलरवरच्या निम्म्या तक्रारी मी या एका कामानं मिटलेल्या पाहिल्या आहेत.

पण पूर्वग्रह हवेतून आलेला नाही, हेही सांगायला हवं. लाइन सिक्सचा ॲक्ससिस २१२ हा मॉडेलिंग ॲम्प १९९६मध्ये आला, लाल रंगाचा घेवड्याच्या दाण्यासारखा पॉड १९९८मध्ये. त्या काळच्या चिपची ताकद बेताची होती. क्लीन आवाज चालून जायचा. गेन, म्हणजे आवाज फाटवणारी वाढ, चढवला की नोट विरताना शेवटी वाळू सांडल्यासारखा खरखराट यायचा. आपल्याकडे ऑर्केस्ट्रात तर याहून वाईट प्रकार चालायचा. गाण्यागणिक आवाज बदलायचा म्हणून गिटारवाल्याच्या पायाशी एक स्वस्त मल्टी-इफेक्ट, आणि त्याची वायर थेट मिक्सरला. कॅबिनेटचं सिम्युलेशन एकतर नसे किंवा बंद असे. गिटार स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वरचा भाग झपाट्यानं गिळून टाकतो. डिस्टॉर्शनचा, म्हणजे मुद्दाम फाटवलेला, आवाज सहन होतो तो त्यामुळेच. तो गाळणारा स्पीकर मधून काढून डिस्टॉर्शन सरळ पीएला, म्हणजे प्रेक्षकांसाठीच्या मोठ्या स्पीकरना, दिलं की डासांची झुंड ऐकू येते. एका अख्ख्या पिढीचं डिजिटलबद्दलचं मत या झुंडीनं घडवलंय. ती माणसं आज पन्नाशीत आहेत, शिकवतात, आणि विद्यार्थ्यांना तेच सांगतात.

त्यानंतर बरंच पाणी वाहून गेलं. फ्रॅक्टल ऑडिओचा ॲक्स-एफएक्स २००६मध्ये आला आणि व्यावसायिक वादक पहिल्यांदा गंभीरपणे ऐकू लागले. २०११च्या सुमारास जर्मनीतल्या क्रिस्टोफ केम्परनं प्रोफायलर आणला, २०१५मध्ये लाइन सिक्सचा हेलिक्स आला, मग फिनलंडच्या न्यूरल डीएसपीचा क्वाड कॉर्टेक्स, इटलीच्या आयके मल्टिमीडियाचा टोनएक्स. आणि आता न्यूरल ॲम्प मॉडेलर, म्हणजे नॅम, हे तर फुकट, मुक्त स्रोत सॉफ्टवेअर आहे.

यातल्या दोन घराण्यांमधला फरक कळला तर निम्मी मतं आपोआप उलगडतात. एक घराणं सर्किटचं. फ्रॅक्टल आणि हेलिक्स ॲम्पच्या आतल्या टप्प्यांचं वागणं गणितानं सोडवतात: ट्यूब, टोन स्टॅक, ट्रान्सफॉर्मर, पॉवर सप्लाय. त्यामुळे गेनचा नॉब तीनवरून सातवर नेला तर मॉडेल खऱ्या ॲम्पसारखंच बदलत जातं. दुसरं घराणं कॅप्चरचं. केम्पर, टोनएक्स, नॅम हे समोरच्या खऱ्या ॲम्पला ठरावीक सिग्नल पाजतात, बाहेर काय आलं ते बघतात आणि त्याची नक्कल शिकतात. नॅम आणि टोनएक्स त्यासाठी न्यूरल नेटवर्क वापरतात. नक्कल थक्क करणारी असते, पण सहसा ती नॉबच्या एकाच स्थितीची. कॅप्चर केलेल्या आवाजापासून गेन फार लांब नेला की यंत्र अंदाज बांधायला लागतं, आणि तो अंदाज त्या ॲम्पचा नसतो. म्हणून ‘कॅप्चर म्हणजे हुबेहूब ॲम्प’ म्हणणारा आणि ‘नॉब फिरवला की पकडलं जातं’ म्हणणारा, दोघंही बरोबर असतात. ज्याला दोन-तीन ठरलेले आवाज पुरतात त्यानं खुशाल कॅप्चर घ्यावं. ज्याचा हात सतत नॉबवर असतो त्याला सर्किटवालं मॉडेल जास्त मानवतं. माझा हात नॉबवर असतो, तेव्हा माझा कल कुठं ते कळलंच असेल.

कॅप्चरसोबत ईएसआर नावाचा आकडा मिरवला जातो, म्हणजे मूळ सिग्नलच्या तुलनेत चूक किती. ०.०१च्या खाली असेल तर नक्कल चांगली समजतात. आकडा उपयोगी आहे, पण ती सरासरी आहे. चूक कुठं झाली, पिकच्या पहिल्या ठोक्यात की विरणाऱ्या शेपटीत, हे तो सांगत नाही. कान नेमके त्या दोन जागीच तीक्ष्ण असतात.

डिजिटलचा एक दोष मात्र खरा डिजिटलचाच आहे, त्याचं खापर स्पीकरवर फोडता येत नाही: एलियसिंग. यंत्र ४८ किलोहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ४८ हजार नमुने घेत, चालत असेल तर २४ किलोहर्ट्झच्या वरचं काही ते मांडू शकत नाही. डिस्टॉर्शनमधून मात्र त्याच्या कितीतरी वरचे हार्मोनिक, म्हणजे मूळ स्वराच्या पटीतले स्वर, तयार होतात. ते नाहीसे होत नाहीत, आरशावर आपटल्यासारखे परत खाली येतात आणि ज्या स्वराशी त्यांचं काही नातं नाही अशा जागी उभे राहतात. कानाला ते बेसूर, काचेसारखं लागतं. उपाय म्हणजे ओव्हरसॅम्पलिंग: आतलं गणित कितीतरी पट वेगानं करायचं आणि नको ते गाळून मग खाली आणायचं. चांगल्या यंत्रांत हे होतं, स्वस्तात हात आखडता असतो, आणि कॅप्चर पद्धतही यातून पूर्ण सुटलेली नाही. ओळखायची युक्ती सोपी आहे. गेन भरपूर ठेवा, बारीक तारेवर बाराव्या पडद्याच्या वरची नोट धरा आणि हळूहळू बेंड करत वर न्या. मागे एखादा अंधुक स्वर उलट दिशेनं खाली सरकताना ऐकू आला, तर तो एलियसिंगचा. दुकानात हे करून बघायला अर्धं मिनिट लागतं आणि विक्रेत्याचा चेहरा बघण्यासारखा होतो.

राहिला ‘फील’. या शब्दाखाली लोक चार वेगळ्या गोष्टी ढकलतात. पहिली, विलंब. आजच्या फ्लोअर मॉडेलरचा विलंब दोन-तीन मिलिसेकंदांच्या आसपास असतो. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे तीन मीटरवरच्या ॲम्पचा आवाजही तुमच्या कानाशी सुमारे ९ मिलिसेकंद उशिरा येतो, आणि त्याबद्दल कोणी कधी तक्रार केलेली नाही. मात्र डिजिटल वायरलेस, मॉडेलर, डिजिटल मिक्सर अशी साखळी लागली की बेरीज होत जाते, आणि लॅपटॉपवर बफर मोठा ठेवला तर पिक आणि आवाज यांची फारकत स्पष्ट कळते.

दुसरी, सॅग. जोरात तार छेडली की जुन्या ट्यूब ॲम्पचा पॉवर सप्लाय क्षणभर खाली बसतो आणि मग सावरतो. त्यामुळे नोट आधी दबते आणि नंतर फुलते. सर्किटवाल्या मॉडेलमध्ये हे असतं, हेलिक्समध्ये तर सॅगचा स्वतंत्र नॉबच आहे. त्याच्याशी नातं सांगणारी आणखी एक गोष्ट: ट्यूब ॲम्प आणि स्पीकर एकमेकांवर परिणाम करतात. स्पीकरचा इम्पिडन्स, म्हणजे विद्युत प्रवाहाला होणारा विरोध, प्रत्येक फ्रिक्वेन्सीला वेगळा असतो आणि ट्यूबचा पॉवर ॲम्प त्या चढउतारांप्रमाणे वागतो. इम्पल्स रिस्पॉन्समध्ये हे पूर्ण येत नाही, कारण तो फक्त रेषीय भाग टिपतो; ते ॲम्पच्या मॉडेलमध्ये घालावं लागतं. फ्रॅक्टलमध्ये स्पीकरची इम्पिडन्स वक्ररेषा निवडता येते. कॅबिनेट बदललं आणि ती रेषा जुनीच ठेवली तर ‘काहीतरी चुकतंय’ असं वाटत राहतं.

तिसरी, तार आणि स्पीकर यांच्यातलं संभाषण. मोठ्या आवाजात स्पीकरची हवा गिटारच्या लाकडाला आणि तारेला हलवते, नोट टिकते, फीडबॅकमध्ये गाते. कानात इन-इअर घालून हे मिळणार नाही, मॉडेलर कोणताही असो. ज्याचं वाजवणं या फीडबॅकवर उभं आहे त्यानं स्टेजवर एक तरी स्पीकर स्वतःकडे तोंड करून ठेवावा.

चौथी गोष्ट फझ, म्हणजे आवाज खरखरीत फाडणारं पेडल. जुन्या धाटणीचा जर्मेनियम फझ पिकअपला, म्हणजे तारांची कंपनं टिपणाऱ्या गिटारवरच्या भागाला, थेट ओढतो. त्याच्या कमी इनपुट इम्पिडन्समुळे गिटारचा व्हॉल्यूम उतरवला की आवाज सुंदर साफ होतो. मॉडेलरच्या आतला फझ पिकअपला दिसतच नाही, पिकअपला दिसतं १ मेगाओमचं निर्विकार इनपुट. काही यंत्रांत हा इम्पिडन्स बदलता येतो आणि फरक पडतो, पण खरा फझ पेडल मॉडेलरच्या आधी लावणं हा मला अजूनही सोपा आणि सरस मार्ग वाटतो. तशीच नाजूक जागा क्लीन आणि क्रंचच्या सीमेवरची. पिक हलका तर साफ, जोरात तर फाटलेला, असा व्हॉक्स एसी३० किंवा फेंडर डीलक्ससारखा आवाज. मेटलचा हाय गेन पकडणं मॉडेलरला त्या मानानं सोपं जातं. म्हणून मेटलवाले कधीच पार झाले, आणि ब्लूजवाले अजून उंबरठ्यावर आहेत. हा निव्वळ हट्ट नाही.

रेकॉर्ड झालेल्या, मिक्स झालेल्या गाण्यात हा फरक ओळखण्याची पैज मी लावणार नाही, आणि जो लावेल त्याच्यासोबत चहाची पैज लावायला मी कधीही तयार आहे. मेटालिकानं डिसेंबर २०१३मध्ये अंटार्क्टिकात अर्जेंटिनाच्या कार्लिनी तळावर कार्यक्रम केला, तेव्हा मोठ्या आवाजाचे ॲम्प लावायचेच नव्हते. श्रोत्यांनी हेडफोनवर ऐकलं आणि गिटार ॲक्स-एफएक्समधून वाजल्या. पुढे त्यांनी स्टेजवरही तोच मार्ग धरला. ज्यांना हवे तितके ट्यूब ॲम्प आणि ते वाहणारी माणसं परवडतात त्यांनी हे केलं, यातून काय घ्यायचं ते घ्या.

आपल्याकडचं गणित तर आणखी सरळ आहे. भाड्यानं येणारा ॲम्प करारात एक आणि स्टेजवर दुसराच, हे आम्ही इतक्या वेळा भोगलंय की आता कोणी चिडतही नाही. मैदानावर जनरेटरचा व्होल्टेज डुलतो, कोकणपट्टीची दमट हवा, ट्यूब गेली तर चांगली जोडी मागवायला दिवस लागतात, आणि छोट्या सभागृहात ट्यूब ॲम्पला त्याच्या गोड जागेपर्यंत उघडायची संधी साउंडवाला देतच नाही. मीही देत नाही. निम्म्यावर दाबून ठेवलेल्या ५० वॉटच्या मार्शलपेक्षा नीट बसवलेला मॉडेलर प्रेक्षकांना जास्त चांगला ऐकू येतो. ट्यूबची बाजू वजनदार ठरते ती टिकण्याच्या मुद्द्यावर. साठ वर्षांपूर्वीचा ॲम्प आजही सोल्डरिंग येणारा माणूस दुरुस्त करतो. मॉडेलरचा मुख्य बोर्ड गेला तर तो कंपनीकडेच जातो, आणि नवं मॉडेल आलं की जुन्याची किंमत घसरते. म्हणून गुंतवणूक समजून मॉडेलर घेऊ नका, अवजार समजून घ्या. शक्यतो वापरलेला, एक पिढी मागचा.

तुमच्यासाठी माझा क्रम असा. लॅपटॉप आणि ऑडिओ इंटरफेस असेल तर आधी नॅम उतरवून महिनाभर वाजवा, खर्च शून्य. मुख्यतः स्टेजवर आणि मिक्सरमध्ये जाणार असाल तर फ्लोअर मॉडेलर, सोबत एक बरा पॉवर्ड स्पीकर. मुख्यतः स्वतःसाठी, खोलीत, हवा हलवत वाजवायचं असेल तर मॉडेलर खऱ्या गिटार कॅबिनेटमधून वाजवा, नाहीतर सरळ छोटा ट्यूब ॲम्प घ्या. त्यात कमीपणा काही नाही.

यंत्र कोणतंही घेतलंत तरी फॅक्टरी प्रीसेटवरून मत बनवू नका. ते दुकानात छाप पाडायला बनवलेले असतात, रिव्हर्ब आणि डिलेनं लडबडलेले. रिकामा पॅच उघडा: एक ॲम्प, एक कॅबिनेट, बस. कॅबिनेटनंतर ८० ते १०० हर्ट्झच्या खालचं कापा, वरचं ६ ते ८ किलोहर्ट्झपासून उतरवा. गेन वाटतो त्यापेक्षा कमी ठेवा. अजून टोचत असेल तर ॲम्पला हात लावण्याआधी इम्पल्स रिस्पॉन्समधला माइक स्पीकरच्या मध्यापासून कडेकडे सरकवा. त्या एका बदलानं आवाज जितका बदलतो, तितका ॲम्पचं मॉडेल बदलून बहुतेकदा बदलत नाही.